फोटो एकदम साफ आलाय

१२ ऑक्टोबर १९८६

ही डायरी गेल्या वर्षीची आहे. वापीला रंगाच्या कारखान्यात हमाली करत होतो, तिथल्या साहेबाने ती कोरीच टाकून दिली होती. वर छापलेले वार सगळे चुकीचे आहेत. माझं तसंही वारांशी कधी जमलं नाही.

आज भांडुपला घरी आलो. आई म्हणाली, "अडीच वर्षं झाली." मी म्हटलं, दोन. ती म्हणाली, "बरं, दोन." मग खोकली आणि चहा ठेवला. वाळलीय. मी विचारलं तर म्हणते, तू वाढलायस म्हणून मी बारीक दिसते.

घर तेच. बाबांची गिरणी चालू होती तेव्हा त्यांनी एका खोलीच्या दोन केल्या, मध्ये प्लायवूडची फळी ठोकली. अलीकडे आम्ही, पलीकडे बाबांची बहीण, शेवंती आत्या. फळीतून सगळं ऐकू येतं, कढईत मोहरी तडतडली तरी. पण आई आणि आत्या चार वर्षं बोलत नाहीत. बाबा गेले तेव्हापासून. मी सुरतला होतो, तार उशिरा मिळाली. छातीत काहीतरी झालं एवढंच मला सांगितलं. आई म्हणते, हिनेच त्यांना काढ्यावर ठेवलं. आत्या काहीच म्हणत नाही.

आत्याच्या दारात आजही माणसं होती. खोकल्याचं औषध देते, अडुळशाचं. पैसे घेत नाही. फक्त नवीन नाटक सुरू केलंय. समोरच्याला म्हणते, "खोक बघया." आणि स्वतः पाठ करून बसते. तो बिचारा खोकतो. मग कुणाला बाटली भरून देते, कुणाला हाकलते, "ह्या माझ्या औषधाचा काम न्हय, दवाखान्यात जा." आज सहा जणांतले तीन हाकलले. असा धंदा करतात का?

१५ ऑक्टोबर

दशरथ भेटला. नववीत आम्ही दोघं एकत्र नापास झालो होतो. तो आता घाटकोपरला छापखान्यात आहे, लग्नपत्रिका आणि लेबलं छापतो. मी त्याला आत्याच्या दारातली गर्दी सांगितली तर म्हणाला, "यार नंदू, सोन्यावर बसलायस तू! बाटलीवर झकास लेबल मारू. फक्त एक चेहरा पाहिजे. बाईचा. लोक औषध वाचत नाहीत, चेहरा बघतात."

हे मला एकदम पटलं. दंतमंजन घ्या, बाम घ्या, कुणीतरी आपल्याकडे बघत असतंच.

संध्याकाळी आत्याला सांगितलं. ती पानं निवडत होती, पिवळी एकीकडे, हिरवी एकीकडे. मी म्हटलं, आत्या, तू औषध दाखव, मी विकतो, लेबलवर एक चांगला चेहरा टाकू. ती ऐकतच नव्हती. तिचं लक्ष फळीकडे. पलीकडे आई खोकत होती. आत्या पान हातात धरून तशीच बसली. आईचा खोकला थांबला तेव्हा म्हणाली,

"आवशीक सांग, फोटो काढूक होयो."

"आईचा?"

"मग काय माझो? आधी तिचो फोटो काढ. फोटो काढल्याबिगर मी एक थेंब देवचंय नाय. आयकलंस?"

मला भरून आलं, खरंच. चार वर्षं तोंड बघत नाही, आणि बाटलीवर चेहरा कुणाचा पाहिजे तर वहिनीचा! बायकांचं मन कळत नाही. वर म्हणाली, "माझा नाव सांगू नको, ती येवची नाय."

१६ ऑक्टोबर

आईला म्हटलं, फोटो काढायला चल.

तिच्या हातातलं ताट सुटलं. म्हणाली, "कोण बोललं तुला?" मी म्हटलं, कोण कशाला बोलायला पाहिजे, माझं मला कळत नाही का? ती म्हणाली, "मला नाही काढायचा. तुझ्या बाबांचा काढला आणि दहाव्या दिवशी ते गेले."

बाबांचा फोटो काढला होता? मग भिंतीवर का नाही? विचारलं तर म्हणाली, "तो काय भिंतीवर लावायचा फोटो होता?" आणि रडायलाच लागली.

गावचे लोक. फोटोने आयुष्य कमी होतं वगैरे अजून डोक्यात आहे. मी वैतागून बाहेर गेलो. पाण्याच्या पाइपलाइनवर पोरं व्हॉलीबॉल खेळत होती, एक गडी कमी होता, मग तिथेच अंधार पडला.

२३ ऑक्टोबर

आठ दिवस मागे लागलो तेव्हा आज तयार झाली. आंघोळ करून जांभळी साडी नेसली, ती बाबांनी बोनसची आणलेली. मला म्हणाली, रेशनकार्ड पत्र्याच्या पेटीत आहे. खोलीची पावती गणपतीच्या तसबिरीमागे. तुझ्या बाबांचं घड्याळ बंद आहे पण विकू नकोस. मी म्हटलं, अगं घाटकोपरला चाललोय, काशीला नाही!

वाटभर माझा हात धरून होती. एका वळणावर थांबली, म्हणाली, "दवाखाना तर तिकडे आहे ना?" मी म्हटलं, दवाखान्यात कशाला, स्टुडिओ इकडे आहे, जिन्याच्या वर.

वर गेलो. स्टुडिओवाल्याने पडदा सरकवला. मागे बाग, कारंजं, दोन हंस, एक हंस थोडा फाटलेला. आई दारातच उभी. त्या हंसांकडे बघत राहिली, मग माझ्याकडे, आणि हसायला लागली. अशी हसली की मी कधी बघितली नव्हती, पोट धरून. स्टुडिओवालापण हसायला लागला. हसता हसता खोकला आला तेव्हा ती जिन्यात जाऊन बसली. मग तोंड पुसून आली आणि म्हणाली, "एवढंच होय रे? काढा, काढा. चांगला काढा."

खुर्चीत अशी बसली, राणीसारखी.

परत येताना तिने विचारलं, "नंदू, तुझ्या आत्याने सांगितलं ना, फोटो काढ म्हणून?" मी खोटं बोलणार होतो, पण राहवलं नाही. हो म्हटलं. तिने पदर सारखा केला. मग म्हणाली, "मग सांग तिला, काढला म्हणून. जास्त काही सांगत बसू नकोस. काढला म्हणायचं, बस."

बघा. मनातून आईलाही गोडी करायचीच होती.

२८ ऑक्टोबर

फोटो मिळाला. काय काम केलंय! आईच्या गालांवर वांग आहेत, डोळ्यांखाली काळं आहे. स्टुडिओवाला म्हणाला, निगेटिव्हवर पेन्सिल मारून सगळं काढलंय, गालपण थोडे भरलेत. "एक पण डाग शोधून दाखवा," म्हणाला. फोटो तसाच दशरथला देऊन आलो, छपाईचा ब्लॉक करायला.

घरी आलो तर आत्या नळावर.

"काढलंस फोटो?"

"काढला."

तिने कळशी खाली ठेवली. "कसो इलो?"

"एकदम साफ."

"माका त्यातला काय कळणा नाय. त्या माणसान काय सांगितल्यान?"

"म्हणाला, एक पण डाग नाही."

"नक्की? डाग नाय?"

"अगं, शोधून दाखवा म्हणाला."

आत्या खालीच बसली, ओल्या फरशीवर. दोन्ही हात जोडले, कुठल्या देवाचं नाव घेतलं ते ऐकू आलं नाही. डोळ्यांतून पाणी. मग कळशी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "मगे तिका साधोच खोकलो असतलो. उद्या पिवळी पाना हाडून दी. तुका सगळा दाखवतंय."

फोटो चांगला आला म्हणून एवढं रडायचं? पण मी काय बोलणार. मला औषध पाहिजे होतं.

३१ ऑक्टोबर

औषध केलं. लिहून ठेवतो, नाहीतर विसरेन.

अडुळशाची पिकायला आलेली पानं घ्यायची. (पाइपलाइनच्या कडेला कुंपणंच्या कुंपणं आहेत, गुरं तोंड लावत नाहीत म्हणून लोक लावतात.) धुऊन केळीच्या पानात गुंडाळायची, वरून कणकेचा जाड लेप आणि शेगडीतल्या निखाऱ्यात पुरायची. कणीक काळी झाली की फोडायची. आत पानं मऊ पडतात, ती जुन्या लुगड्याच्या फडक्यात घालून पिळायची. हात कडू होतात. दोन वेळा साबण लावला, जेवताना भात कडू. त्या रसात जेष्ठमधाचा काढा, चिमूटभर पिंपळीची पूड, आणि सगळं थंड झाल्यावर मध. गरम असताना मी मध ओतायला गेलो तर आत्याने हातावर पळी मारली.

जेष्ठमध म्हणजे जुना मुरलेला मध असणार, असं मी आजपर्यंत समजत होतो. ती मुळी निघाली. आत्या हसली, "शाळेत काय गोटये खेळत होतंस?"

पहिली बाटली तिने फळीजवळ ठेवली. "आवशीक दी. माझा म्हणान सांगू नको." मी आईला दिली. आईने वास घेतला आणि म्हणाली, "हिच्या हातचा वास मला कळत नाही होय?" पण प्याली. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदा.

मी निघताना आत्याने एक अट घातली. विकायचं तर आधी समोरच्याचा खोकला ऐकायचा. ऐकल्याशिवाय द्यायचं नाही. मी हो म्हटलं.

२३ नोव्हेंबर

लेबल आलं! हिरव्या शाईत आई. खाली "मालनबाईंचे अडुळसा चाटण, घसा व खोकल्यावर घरगुती". दशरथ म्हणतो, तुझी आई नटीसारखी दिसते. आईला दाखवलं तर बराच वेळ बघत होती. म्हणाली, "ही कधी आजारी पडली नसेल." मग लेबल ब्लाऊजमध्ये ठेवलं.

औषधाने तिला फरक आहे. खोकल्याचा आवाज मऊ झालाय.

९ डिसेंबर

मुलुंडच्या बाजारात दशरथ आणि मी पाटी घेऊन बसतो. थंडीमुळे घसे बसलेत, माल उठतो. पहिले दोन दिवस मी लोकांना खोकायला सांगितलं. एक गुजराती म्हातारा चिडला, "औषध विकतो के गाणा शिकवतो?" आणि मला तर सगळे खोकले सारखेच ऐकू येतात. मग सोडून दिलं.

पानं पुरत नाहीत म्हणून हिरवीपण घालतो. कणकेचा लेप बंद, सरळ उकळतो. चव थोडी वेगळी लागते. बाटल्या भरायचं काम दशरथच्या घरी, आत्याच्या डोळ्यासमोर नको. आईची बाटली मात्र आत्याच करते, जुन्या पद्धतीने.

आईला संध्याकाळी कणकण असते. म्हणते, चुलीजवळ बसून अंग तापतं. बांगड्या कोपरापर्यंत जातात. त्या वर सरकवते आणि हसते.

आत्याने फळीवरून विचारलं, "जेवता मा ती नीट?" मी म्हटलं, जेवते. म्हणजे मी असतो तेव्हा जेवते.

१८ जानेवारी १९८७

मधे राहून गेलं. एक ट्रकवाला भेटला, पालघरला जाऊन येऊ म्हणाला. पुढे गाडी राजकोटला गेली. तिथे पतंगांचे दिवस होते. असं आकाश मी जन्मात बघितलं नाही, वर बघून मान दुखायची. आईसाठी बांधणीची ओढणी घेतली. मग आठवलं, ती ओढणी कशाला वापरेल.

घरी आलो तर आई झोपून. दिवसा. चूल आत्याच्या बाजूला पेटलेली, ताट फळीखालच्या फटीतून सरकवलेलं. म्हणजे बोलत नाहीत, पण ताट येतं.

आईच्या उशाला फडकं होतं, तांबडे डाग. ती म्हणाली, मिश्री लावत होते. मिश्री काळी असते ना? विचारायचं होतं, पण तिने राजकोटचं विचारलं आणि मी पतंगांचं सांगत बसलो.

११ फेब्रुवारी

आज जे झालं ते लिहितो.

मी दारात बसून दाढी करत होतो. एक बाई आत्याकडे आली, मुलुंडची. हातात आमची बाटली. म्हणाली, "बाई, हे तुमच्याकडचंच ना? एवढा गुण का नाही येत?"

आत्याने बाटली घेतली. उघडून वास घेतला, तोंड वाकडं केलं. मग लेबल बघितलं. बाटली उजेडात धरली, लांब धरली, जवळ धरली.

"नंदू."

मी गेलो.

"ह्यो मालनीचो फोटो खंय काढलो?"

"हाच तो, आत्या. तू सांगितलास तो."

"खंय काढलंस?"

"घाटकोपरला. स्टुडिओत. जिन्याच्या वर."

ती मला मारेल असं वाटलं. मारलं नाही. त्या बाईला म्हणाली, "बाये, तू जा, दवाखान्यात जा." मग फळीकडे तोंड करून उभी राहिली आणि चार वर्षांत पहिल्यांदा हाक मारली, "मालन! गो मालन!"

पलीकडून थोड्या वेळाने आई म्हणाली, "काय वन्सं?"

"तुका ठावक होता?"

आई खोकली फक्त.

आत्या माझ्याकडे वळली. "छातीचो रे झिला! छातीचो फोटो! तो दवाखान्यात काढतत तो! तुझ्या बापाशीचो काढूक उशीर झालो म्हणान तर…"

गालावरचा साबण वाळून चरचरत होता.

१३ फेब्रुवारी

सरकारी दवाखान्यात तिला ठेवून घेतलं. काचेसारखा काळा फोटो डॉक्टरांनी खिडकीवर धरला. तरुण होते, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठे असतील. एक बाजू जवळजवळ सगळी पांढरी, दुसऱ्या बाजूला ढग. मी त्यात आईला शोधत होतो. फासळ्यांशिवाय काही नाही.

"इतके महिने काय करत होतात?"

मी म्हटलं, औषध चालू होतं.

"कुठलं?"

मी सांगितलं नाही. आत्या मागे उभी होती, ती म्हणाली, "माझा." डॉक्टरांनी तिला खूप सुनावलं. टीबी आता बरा होतो, वेळेवर आलं तर बरा होतो, तुम्ही लोक पाला खाऊन मरता. आत्या मान खाली घालून ऐकत होती. मी बोलू शकलो असतो की चूक माझी. नाही बोललो. का नाही बोललो ते लिहिता येत नाही. आणि एक विचार येतो तो पण लिहितो, कुणी वाचणार नाही म्हणून. आत्याने "छातीचा" एवढा एक शब्द आधी म्हणायला काय जात होतं?

वॉर्डात आई म्हणाली, "बघितलास फोटो?"

"बघितला."

"तो स्टुडिओवाला चांगला होता रे. ह्यांनी बघ, सगळे डाग दाखवले."

आणि हसली. तेव्हा मला जिन्यातलं तिचं हसणं आठवलं. तिला विचारायचं होतं, तुला त्याच दिवशी कळलं होतं ना? मग का नाही बोललीस? नर्सने मला बाहेर काढलं. मला बरंच वाटलं.

८ मार्च

आई गेली. परवा, सकाळी. मी चहा प्यायला खाली गेलो होतो. टपरीवर एक माणूस पोपटाला बोलायला शिकवत होता, तिथे रेंगाळलो. वर आलो तर आत्या खाटेजवळ, आईच्या बांगड्या तिच्या हातात.

१८ मार्च

दिवस झाले. भिंतीवर लावायला फोटो पाहिजे होता. आहे तो एकच. दशरथने मोठा करून, फ्रेम करून आणला. आत्याने तो उलटा करून ठेवला. म्हणाली, "ह्यो लावूक नको. ही मालन न्हय." मग दिवस होईपर्यंत काहीच लावलं नाही, नुसता दिवा आणि खिळा.

दशरथ जाताना हळूच म्हणाला, "यार, वाईट वाटून घेऊ नको, पण ब्लॉक अजून चांगलाय. तुला नको असेल तर मी चालवू का? मुलुंडचे लोक विचारतात, ती हिरवी बाई कुठे गेली." मी काही बोललो नाही. त्याला ते हो वाटलं असणार.

आत्या आता कुणाला औषध देत नाही. माणसं येतात, तिच्या दारात खोकून दाखवतात, आपण होऊन. ती आत बसून राहते. अडुळशाची पानं कोपऱ्यात वाळून गेली.

३ एप्रिल

चार वाजता ट्रक आहे, इंदूरची गाडी. सोनापूरच्या नाक्यावर उभं राहायचं. पिशवी भरली. बाबांचं घड्याळ घेतलं, विकणार नाही. खोलीची किल्ली आत्याला देणार होतो, पण ती विचारेल कुठे, कधी येणार. फळीच्या फटीतून सरकवेन.

पंधरा दिवस घसा खवखवतोय. धूळ असेल. दुपारी पिशवीची गाठ मारताना ढास लागली, बऱ्यापैकी लागली. पलीकडे आत्या भांडी घासत होती. भांडी थांबली.

"नंदू."

मी गाठ आवळत राहिलो.

"नंदू, परत खोक बघया."

साधाच आवाज होता तिचा, दारातल्या लोकांशी बोलायची तसा. तिने पाठ केली असणार. फळीला टेकली असणार, कारण फळी थोडी अलीकडे वाकलीय.

छातीत परत येतोय. आईची ती राजकोटची ओढणी सापडली, ती तोंडात कोंबून बसलोय आणि हे लिहितोय. साडेतीन वाजलेत. तिने अजून भांडी हातात घेतली नाहीत.